पावसाळ्याच्या बेगमीत अंडी: किती, कुठली, कशी शिजवून आणि कशासोबत

1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, ती साधारण जुलैअखेरपर्यंत. आमच्या देवगडकडे तोवर होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. बाजारात ताज्या मासळीची जागा सुकट, बोंबील आणि सोड्यांनी घेतलेली असते. ज्या घरात एरवी दुपारी बांगडा, नाही तर निदान पेडवे तरी असतात, तिथे आठवड्यातले चार दिवस डाळ-भात-लोणचं सुरू होतं. उपाशी कोणी राहत नाही, पण ताटातली प्रथिनं गुपचूप कमी होतात. सुक्या मासळीत प्रथिनं भरपूर असतात, पण मीठही तितकंच. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याला ती रोज वाढता येत नाही.

म्हणून आमच्या घरी तांदूळ, कुळीथ, आमसुलं, लोणची अशी बेगमी होते, तशी गेली काही वर्षं अंड्यांचीही ठरवून होते. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "रोज रोज अंडी खाव नको गो, उष्ण पडतत." मी वाद घातला नाही, पण आठवड्याची आखणी बदलली नाही. अंड्याने ताप चढत नाही. पोटात जळजळतं ते बहुतेकदा त्याच्याबरोबरच्या तेला-तिखटाने. आता त्याच मला ट्रे संपल्याची आठवण करतात.

आधी अंड्यात असतं काय ते बघू

मोठं अंडं कवच सोडून सुमारे 50 ग्रॅम भरतं. त्यात साधारण 70 ते 75 कॅलरी, 6 ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं आणि 5 ग्रॅम स्निग्धांश असतो. स्निग्धांशातला संपृक्त (सॅच्युरेटेड) भाग दीड ग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. दोन अंड्यांत त्यातला पाव भाग भरून निघतो.

आम्ही भातखाऊ माणसं, म्हणून प्रथिनं किती यापेक्षा ती कसली याला महत्त्व जास्त. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. अंड्यात ते भरपूर असतं, शिवाय शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी बाकी सगळी अमिनो आम्लंही योग्य प्रमाणात असतात. डाळही लायसिनची उणीव भरते, म्हणून डाळ-भात ही जोडी जुनी आणि शहाणी. पण पातळ आमटीत डाळ किती आणि पाणी किती, हे ज्याच्या त्याच्या घरचं ज्याला त्याला ठाऊक.

बाकीचा ऐवज बहुतेक बलकात आहे. अ, ड आणि ब-12 ही जीवनसत्त्वं, ल्युटिन नावाचं डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पिवळं द्रव्य, आणि कोलिन. कोलिनबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या घडणीला ते लागतं. गरोदर बाईसाठी दिवसाला 450 मिलिग्रॅम हे प्रमाण अमेरिकेत धरलं जातं आणि एका अंड्यात जवळपास 145 मिलिग्रॅम मिळतं. दोन अंडी खाल्ली की दिवसाची बरीचशी गरज भागली.

जे नाही तेही सांगते. अंड्यात तंतू नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही. कॅल्शियम आहे ते कवचात, खायच्या भागात अगदी थोडं. लोह आहे, पण बलकातलं एक प्रथिन ते धरून ठेवतं, त्यामुळे अंगी फारसं लागत नाही. रक्त कमी असल्याचं निदान झालेल्या मुलीला नुसती अंडी चारून भागणार नाही. ओमेगा-3 च्या बाबतीत साधं अंडं बांगड्या-तारल्याच्या जवळपासही येत नाही. मासळी सुरू झाली की मासळीच खा.

पायरी 1: घरातल्या प्रत्येकाचा वाटा ठरवा

निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला एक पूर्ण अंडं चालतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2019 च्या सल्ल्यात हेच म्हटलं आहे, आणि कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या निरोगी वृद्धांना दोनपर्यंत मुभा दिली आहे. आपल्या देशात 2023-24 मध्ये माणशी वर्षाला साधारण 103 अंडी उपलब्ध होती, म्हणजे आठवड्याला दोन. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांची अडचण अति खाण्याची नाही, अधूनमधून खाण्याची आहे. रविवारी चार अंड्यांची भुर्जी आणि मग आठ दिवस काही नाही, असं करण्यापेक्षा दिवसाआड एक बरं. एका वेळच्या जेवणातली प्रथिनं शरीर पुढच्या आठवड्यासाठी साठवून ठेवत नाही.

म्हाताऱ्या माणसांकडे आधी बघा. वय वाढलं की स्नायू झिजतात, प्रथिनांची गरज किलोमागे 1 ग्रॅम किंवा त्याहून थोडी वर जाते, आणि नेमके तेव्हाच दात गेलेले असतात, भूक मेलेली असते. सकाळची पेज आणि संध्याकाळी चहात बुडवून बटर एवढ्यावर कित्येक आजी-आजोबा दिवस काढतात. मऊ उकडलेलं, पण बलक घट्ट झालेलं अंडं पेजेत कुस्करून घातलं तर दात लागत नाहीत. आमच्या घरी अंड्याची खरी जागा ही आहे. मुलं काय, कुठूनही खातात.

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या अन्नाबरोबर पूर्ण शिजलेलं अंडं देता येतं, पांढरं आणि पिवळं दोन्ही. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर मावेल इतकंच द्यावं, तेही सकाळी, म्हणजे अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले किंवा उलटी झाली तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता येतो. वर्ष-दीड वर्ष थांबल्याने अॅलर्जी टळते हा समज आता मागे पडला आहे. बाळाला आधीपासून इसब असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

मधुमेह, हृदयविकार किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असेल तर बलक आठवड्याला किती हे रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर अंदाजाने काहीच करू नये. आजाराच्या एका टप्प्यावर प्रथिनं कमी करायला सांगतात, डायलिसिस सुरू झालं की वाढवायला सांगतात. शेजारणीच्या नवऱ्याला सांगितलेलं पथ्य आपल्या घरात लागू पडेलच असं नाही.

पायरी 2: निवड. गावठी की इंग्लिश?

गावठी अंड्यासाठी आमच्याकडे माणसं दुप्पट पैसे हसत मोजतात. चव चांगली असते हे मलाही मान्य आहे. पण कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणाशी त्याचा संबंध नाही. बलक गडद केशरी दिसतो तो तिने खाल्लेल्या हिरव्या पाल्यामुळे किंवा मक्यामुळे. परसात उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या बलकात ड जीवनसत्त्व जास्त सापडतं, तेवढा खरा फरक. प्रथिनं वजनागणिक जवळपास सारखीच. वर गावठी अंडं लहान असतं, बऱ्याचदा 40 ग्रॅमच्या आसपास. पैसे जपून वापरायचे असतील तर रोजच्यासाठी ट्रेमधली इंग्लिश अंडी घ्या आणि गावठी मिळाली तर आनंदाने खा. परसातली कोंबडी पावसाळ्यात मनात येईल तशी घालते, मध्येच खुडूक बसते, तिच्यावर वेळापत्रक बांधता येत नाही.

दुकानात अंडं उचलून बघा. तडा गेलेलं, चिकट किंवा विष्ठा लागलेलं घेऊ नका. कानाजवळ हलवल्यावर आत डचमळत असेल तर ते शिळं आहे. घरी आणल्यावर शंका आली तर पाण्याची परीक्षा करावी. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून आतलं पाणी उडत जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. थोडं जुनं उभं राहतं, ते पूर्ण शिजवून वापरता येतं. तरंगलेलं टाकून द्यावं. ही परीक्षा अंड्याचं वय सांगते, त्यात जंतू आहेत की नाहीत ते सांगत नाही.

दर पावसाळ्यात मोबाइलवर प्लास्टिकच्या अंड्यांचा व्हिडिओ फिरतो. जुन्या अंड्याच्या आतली पातळ त्वचा वाळून कागदासारखी होते, तीच त्यात जाळून दाखवतात. प्लास्टिकचं अंडं असं काही नसतं. बलकावर रक्ताचा ठिपका दिसला तर तोही निरुपद्रवी असतो, चमच्याने काढून टाका.

पायरी 3: साठवण

इथे मी एकदा हात पोळून घेतले आहेत. नवीन असताना स्वच्छतेच्या उत्साहात तीस अंडी नळाखाली घासून धुतली आणि ओलीच ट्रेमध्ये रचली. आषाढातली हवा, काही सुकेना. आठवड्याभरात कपाट उघडवेना असा वास सुटला. अंड्यावर निसर्गाने दिलेला एक पातळ थर असतो, तो छिद्रं झाकतो. धुतलं की तो जातो आणि पाण्याबरोबर जंतूंना आत वाट मिळते. म्हणून साठवताना कोरड्या कापडाने पुसा. धुवायचं असेल तर फोडायच्या आधी धुवा.

फ्रिजमध्ये अंडी तीन ते पाच आठवडे टिकतात. दारातल्या कप्प्यात न ठेवता आत ठेवा, दार उघडझाप होऊन तिथे ऊन-गार होत राहतं. निमुळतं टोक खाली. आमच्याकडे पावसात वीज जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. अशा वेळी फ्रिज उघडूच नये. थंड अंडी बाहेर काढून ठेवली की कवचावर दव धरतं, आणि मग तासा-दोन तासांत ती शिजवायलाच हवीत. फ्रिज नसेल तर महिन्याचा साठा करू नका, आठवडाभराची आणा आणि चुलीपासून लांब, वारा लागेल अशा टोपलीत ठेवा. उकडलेली अंडी फ्रिजमध्ये कवचासकट आठवडाभर चालतात. सोललेली त्याच दिवशी संपवा.

पायरी 4: शिजवणं

कच्चं अंडं दुधात घालून पिणारे पैलवान अजून भेटतात. कच्च्या अंड्यातली प्रथिनं निम्म्याच्या आसपासच पचतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या घरात. कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं, आणि साल्मोनेला या जंतूचा धोका वेगळाच. शिजवलं की तिन्ही प्रश्न मिटतात. हाफ फ्रायचा वाहता बलक तरुण निरोगी माणसाने आपल्या जबाबदारीवर खावा. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना नको.

उकडायची रीत: पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, मग अंडी पळीने हळूच सोडा आणि आच मध्यम करा. सात मिनिटांत पांढरं घट्ट आणि बलक मऊसर राहतो, दहा ते बारा मिनिटांत पूर्ण घट्ट. लगेच गार पाण्यात टाका. जास्त वेळ उकळलं की बलकाभोवती हिरवट-काळपट कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो संयोग. खायला हरकत नाही, पण अंडं रबरासारखं होतं. ही मिनिटं समुद्रसपाटीची आहेत. महाबळेश्वरला पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे मिनिट-दोन मिनिटं वाढवा. अगदी ताजं अंडं सोलताना कवचाला पांढरं चिकटून येतं. उकडायला चार-पाच दिवसांचं जुनंच बरं.

पायरी 5: अंड्याभोवती काय आहे ते मोजा

कोलेस्टेरॉलच्या भीतीने बलक काढून कुत्र्याला घालणारी आणि त्याच अंड्यांच्या रश्शात अर्धा नारळ वाटून ओतणारी घरं मी पाहिली आहेत. हिशेब करू. नारळाच्या एका कवडीत, म्हणजे अर्ध्या नारळात, साधारण 100 ग्रॅम ओलं खोबरं निघालं तर त्यात 30 ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्धांश. चार जणांत वाटला तर माणशी सात-साडेसात ग्रॅम. दोन पूर्ण अंड्यांतला मिळून तीन ग्रॅमच्या थोडा वर. अंड्यात कोलेस्टेरॉल आहे, एकात सुमारे 185 मिलिग्रॅम. पण बहुतेकांच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं ते खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशाने जास्त. काही थोड्यांचं शरीर अंड्यालाही पटकन प्रतिसाद देतं, म्हणून पन्नाशीनंतर तपासणी करावी. नारळ सोडा असं मी कोकणात राहून म्हणणार नाही. पण बलक टाकून खोबऱ्याचं वाटप ठेवणं हा उलटा हिशेब आहे.

आमचं पावसाळी कालवण असं होतं. चार माणसांना सहा अंडी. दोन कांदे उभे चिरून तेलाच्या एका चमच्यावर लालसर भाजायचे, त्यात अख्ख्या कवडीऐवजी तीन मोठे चमचे खोबरं, धणे, चार लसूणपाकळ्या आणि आल्याचा तुकडा परतून बारीक वाटायचं. वाटपाला दाटपणा कमी पडला तर चमचाभर भाजलेलं कुळथाचं पीठ पाण्यात कालवून लावते, चवही खमंग येते. फोडणीत मालवणी मसाला, हळद, मग वाटप, पाणी, मीठ. उकळी आली की मूठभर शेवग्याचा पाला आणि तीन आमसुलं. आता आच मंद करून अंडी एकेक वाटीत फोडून अलगद रश्शात सोडायची, वाटीत आधी फोडायची म्हणजे एखादं खराब निघालं तर सगळं पातेलं वाया जात नाही. झाकण ठेवून आठ मिनिटं अजिबात ढवळू नका. बलक बोटाने दाबल्यावर घट्ट लागला की झालं. वेगळं उकडणं नाही, सोलणं नाही, आणि अंड्याला रश्शाची चव लागते.

सोबत तांदळाची भाकरी किंवा भात, आणि काहीतरी कच्चं हवंच, कारण तंतू आणि क जीवनसत्त्व अंड्यात नाहीत. कांद्यावर लिंबू पिळा. लिंबामुळे पाल्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. आमसुलं वाळवलेली असतात, त्यांच्या आंबटपणाच्या भरवशावर क जीवनसत्त्व धरू नका. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, त्याची कोवळी पानं चिरून अंड्याच्या पोळीत घातली तर मुलं कुरकुर न करता भाजी खातात. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने, तो लोह अंगी लागू देत नाही. आमलेट-पाव आणि कटिंग ही जोडी मला स्वतःला सुटलेली नाही, पण रोज नाश्त्याला तेच असेल तर त्या जेवणातल्या लोहावर पाणी सोडलंय असं समजा.

आठवडा साधारण असा

सोमवारी उकडलेलं अंडं आणि घावन. बुधवारी कालवण. शुक्रवारी टाकळ्याची पोळी, डब्यालाही तीच. रविवारी भुर्जी, तीत टोमॅटो आणि कांदा अंड्याच्या बरोबरीने, तेल मोजून दोन चमचे. मधल्या दिवशी सासूबाईंच्या पेजेत एक. चार माणसांना आठवड्याला वीसएक अंडी लागतात, म्हणजे तीसचा ट्रे दहा दिवस पुरतो. अंड्याचा घाऊक दर रोज बदलतो. सण आणि उपासाचे दिवस आले की बहुतेकदा उतरतो, तेव्हा फ्रिज असेल तर दोन ट्रे घेऊन ठेवावेत.

मग श्रावण लागतो आणि बऱ्याच घरांत अंडी बंद होतात. आमच्याही. तो महिना काढायची चिंता करू नका. ब-12 यकृतात साठतं आणि वर्षभर नियमित मासे-अंडी खाणाऱ्याचा साठा महिन्याभरात संपत नाही. प्रथिनं मात्र रोजची रोज लागतात. म्हणून कुळथाची पिठी घट्ट करा, काळ्या वाटाण्याची उसळ, मोड आलेली चवळी आणि वाटीभर दही रोज ताटात येऊ द्या. म्हाताऱ्यांच्या पेजेत अंड्याच्या जागी मऊ शिजवलेली मुगाची डाळ. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडला जातो आणि ताज्या मासळीच्या टोपल्या बाजारात पुन्हा दिसू लागतात. श्रावण पाळणारी घरं अजून पंधरवडाभर थांबतात, आणि त्यानंतर आमचा ट्रे महिन्याला एकावर येतो.